न दमणाऱ्या मुली

माझ्या मुलीचं वाटोळं मी अगदी प्रामाणिकपणे केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको.

मी धनाजी फडतरे. खटाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटीचा मास्तर. गावाबाहेरच्या माळावर चुन्याच्या फक्कीनं आखलेला चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक, पत्र्याची एक शेड आणि लांब पल्ल्याच्या शर्यती पळणाऱ्या अकरा मुली, एवढा माझा पसारा. बारावी शिवन्या. तिला मी मोजत नसे, कारण ती माझी स्वतःची. मैदानावर माझा एकच कायदा होता. नवीन काहीही आलं, बूट असोत, खुराक असो, टेकडीच्या चढावरच्या फेऱ्या असोत, ते आधी शिवन्यावर. तिला मानवलं तरच बाकीच्यांना. लोकांच्या पोरींवर प्रयोग करायचे नाहीत. पालक या एका गोष्टीसाठी मला मानायचे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा गर्व होता.

२०४०च्या फेब्रुवारीत ‘अक्लांत’ आलं, ते याच कायद्यानं आधी माझ्या घरात आलं.

नारिंगी रंगाची पूड. सराव संपला की एक पुडी पाण्यात ढवळायची आणि प्यायची. राज्य स्पर्धेत शहरातल्या मुली ती पिताना दिसल्या होत्या. बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत तिचं नाव नव्हतं, ते मी तीनदा तपासलं. सोबतचं माहितीपत्रकही वाचलं. मी काही अडाणी नाही, सातवीला विज्ञान शिकवलंय.

आपल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. अन्न आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या या बारीक भट्ट्या. भट्टी जोरात पेटली की ठिणग्या उडतात, त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. पळताना या ठिणग्यांचे स्नायूला आतून चटके बसतात, पाय जड होतात, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं. आवळ्यातलं, संत्र्यातलं जीवनसत्त्व या ठिणग्या विझवतं, पण ते अंगभर पसरतं आणि भट्टीपर्यंत पोचतं जेमतेम. अक्लांतचा रेणू धन विद्युतभाराचा होता आणि तंतुकणिकेच्या आत ऋण भार असतो. त्यामुळे तो रेणू सरळ आत ओढला जायचा आणि तिथंच साठायचा. ठिणगी उडायच्या जागीच विझायची. वाचून मला वाटलं, इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही.

तिसऱ्या आठवड्यात शिवन्या बारा किलोमीटर पळून आली आणि शेडमध्ये बसायचं सोडून दोरीच्या उड्या मारायला लागली. सोळा वर्षांची पोर. मी विचारलं, "पाय कसे आहेत?"

"आहेत की जागेवर," ती म्हणाली.

आता माझी चूक सांगतो. ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती, त्याला माझ्यासारखा जुना प्रशिक्षकच पाहिजे. माझा घड्याळांवर आणि यंत्रांवर विश्वास नाही. माझ्या मुली सकाळी जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी मानेवर दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजतात आणि मैदानावर आल्या की तो आकडा शेडमधल्या फळ्यावर खडूनं लिहितात. नाडी रोजच्यापेक्षा आठ ठोके वर असली, तर शरीर अजून कालच्या सरावातून सावरलेलं नाही. त्या दिवशी पळणं बंद, नुसतं चालायचं. माझ्या गुरुजींनी मला हे शिकवलं आणि पंचवीस वर्षांत या फळ्यानं मला एकदाही फसवलं नव्हतं.

पुडी सुरू झाल्यापासून शिवन्याची नाडी वर गेलीच नाही. पन्नास, एकावन्न, पन्नास. फळा म्हणत होता, पोरगी ताजीतवानी आहे. मग मी सराव वाढवला. आठवड्याला पन्नास किलोमीटर होते ते सत्तर केले, मग शंभर. नाडी पन्नास. तीन हजार मीटरला तिला दहा मिनिटं अडतीस सेकंद लागायचे, दिवाळीपर्यंत ती नऊ बावन्नवर आली. तिथं गाडी अडली तेव्हा मी दुसरी पुडी सुरू केली, मग तिसरी. पेपरात तिचा फोटो आला. आणि नोव्हेंबरात, नऊ महिने तिला मानवलं हे डोळ्यांनी बघून, मी बाकीच्या अकरा जणींना पुडी दिली.

मार्चमध्ये माल उशिरा आला. पुड्या कमी पडल्या, तेव्हा साहजिकच मी आधी शिवन्याच्या बंद केल्या. माझा कायदाच तसा होता.

अकराव्या दिवशी मी माळावर असताना शाळेतून तिच्या मैत्रिणीचा फोन आला. जाऊन बघतो तर शिवन्या जिन्यात बसलेली. दुसऱ्या मजल्यावर तिचा वर्ग आणि ती पहिल्याच वळणावर. चेहरा पांढरा पडलेला, श्वास भात्यासारखा चाललेला.

"पप्पा, पाय उचलंना झालेत," ती म्हणाली. "मी काय नाटक करत न्हाय."

मी तिला नाटक करू नको म्हणालो नव्हतो. पण तोंडावर ते आलं होतं आणि तिनं ते वाचलं.

रक्त तपासलं, लोह तपासलं, हृदयाचा आलेख काढला. सगळं बरं. शेवटी पुण्याला डॉक्टर मृण्मयी साठ्यांकडे गेलो. खेळाडूंच्या स्नायूंवर त्यांचं वीस वर्षांचं काम. त्यांनी शिवन्याच्या मांडीतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासला आणि आठ दिवसांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"तुमच्या हाताला कधी कुदळीचे घट्टे पडलेत?" त्यांनी विचारलं.

"पडलेत की."

"आधी फोड येतो, मग घट्टा. फोड आलाच नाही तर हात मऊच राहतो. ठिणग्यांचंही तसंच आहे. त्या त्रास देतात हे खरं, पण तोच निरोप असतो. ठिणग्या उडाल्या की पेशीच्या केंद्रकाला कळतं, आज भट्ट्या कमी पडल्या, नवीन बांधा. अंग दुखतं त्या दोन दिवसांत ते बांधकाम चालतं. तुम्ही निरोपच विझवलात. ती चौदा महिने पळाली, पण तिच्या शरीराला ती पळाल्याचं कळलंच नाही."

मी म्हणालो, "पण तिची वेळ सुधारली, मॅडम."

"पुडीच्या जोरावर. शिवाय ठिणग्या विझवणारी शरीराची स्वतःची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. बाहेरून आयता पुरवठा यायला लागल्यावर शरीरानं ती बनवणं सोडून दिलं. आता पुडी नसली तर जिना चढतानासुद्धा ती आतून भाजते. तिच्या मांडीत सत्तरीच्या बाईइतक्या तंतुकणिका आहेत, फडतरे."

"आणि नाडी?" मी विचारलं. "नाडी तर पन्नास होती."

"शरीरावर ताण आलाय हेच शरीराला कळत नव्हतं. नाडी वाढणार कशी?"

पंचवीस वर्षं ज्या फळ्याला मी देव मानलं त्याची ही किंमत.

पुढचं त्यांनी हळू सांगितलं. पुडी परत सुरू केली तर शिवन्या पळेल, पण आहे तेही संपत जाईल, आणि कधीतरी भर शर्यतीत हृदयाचा स्नायू दगा देईल. पुडी बंद करून वर्षभर पूर्ण विश्रांती, मग रोज थोडं चालणं, असं केलं तर शरीर पुन्हा बांधायला लागेल. कदाचित. हे वय बांधकामाचं असतं आणि तिचं ते सरत आलं होतं. "या वर्षात एकदाही तिला जीव तोडून पळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "एका शर्यतीनं मरणार नाही ती, पण उरलेल्या भट्ट्याही जळतील. मग मी कदाचितसुद्धा म्हणणार नाही."

"माझ्या बाकीच्या अकरा पोरी पाच महिने पितायत," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "आज बंद करा. पाच महिन्यांचं भरून निघतं. सहा-आठ महिने त्या मरगळतील, मग पहिल्यासारख्या होतील. पण आजच बंद करा."

त्या संध्याकाळी मी सगळ्या पालकांना शेडमध्ये बोलावलं. सगळं सांगितलं, डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. राष्ट्रीय संघाच्या निवडीची चाचणी बारा दिवसांवर होती आणि आमच्या सहा मुली त्यात होत्या. निवड झाली की क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश, पुढं नोकरी, पोरीचं आयुष्य मार्गी. हे सगळं त्यांना मीच वर्षानुवर्षं समजावून सांगितलेलं.

तानाजी मदने उठले. त्यांची प्रेरणा चौदा वर्षांची, गटातली सगळ्यात लहान आणि शिवन्याच्या मागं मागं फिरणारी. ते म्हणाले, "सर, राग मानू नका. तुमची पोरगी चौदा महिनं प्याली. तिचा पेपरात फोटू आला. आता आमच्या पोरी तिच्या बरोबरीला आल्या, तर तुमी बंद करा म्हणताय."

"तानाजीराव, तिला जिना चढवत नाही."

"काल घरापुढं खुर्चीत बसल्याली बघितली की आमी. चांगली टवटवीत हाय."

"बसल्यावर टवटवीतच दिसणार."

मागून एक बाई म्हणाल्या, "दुसरं काय दुखणं असंल. सगळ्यास्नी थोडंच हुतंय."

मी म्हणालो, मी यापुढं पुडी देणार नाही. तानाजीराव म्हणाले, "नका देऊ. फोनवर मागवली की दोन दिवसांत दारात येती." ते भांडत नव्हते. समजूतदारपणे बोलत होते आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी एकेका घरी जाऊन आलो. चहा मिळाला, पोरीची पुडी बंद करतो असं कुणी म्हणालं नाही. पोरींना विचारलं तर त्या खाली बघायच्या. ज्या पोरीला दमणं काय असतं तेच आठवत नाही, तिला दमण्याची गरज काय सांगणार? चाचणीत त्या पुडीच्या जोरावर निवडल्या जाणार, प्रबोधिनीत सराव दुप्पट होणार, पुड्या तिप्पट होणार, आणि वर्षभरात सहा जिन्यांवर सहा पोरी बसलेल्या असणार. शाळेत कळवलं, कंपनीला लिहिलं, वरच्या कार्यालयात अर्ज दिला. अर्ज पोचल्याची पावती मिळाली. सात दिवस उरले.

तेव्हा शिवन्याच म्हणाली. आम्ही जेवायला बसलो होतो.

"पप्पा, मी पळून दाखवते त्यांना."

उज्ज्वला, माझी बायको, भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"मी कशी झालीय ते त्यांनी बघितलंच नाही ना," शिवन्या म्हणाली. "नुसतं ऐकून कोण पुडी सोडंल? मीसुद्धा सोडली नसती. रविवारी सगळ्यांना बोलवा. पुडी न घेता मी प्रेरणाबरोबर पळते, तीन हजार. त्यांच्या डोळ्यांनी बघू दे."

"डॉक्टर काय म्हणाल्या माहीत आहे ना तुला?" मी विचारलं.

"माहिती आहे. मी दाराबाहेर होते." तिनं ताट बाजूला सारलं. "प्रेरणा पुडी प्यायला भीत होती, पप्पा. तिला मी प्यायला लावली. माझ्या ग्लासातली."

उज्ज्वला म्हणाली, "कुणाच्या पोरीसाठी माझ्या पोरीनं जळायचं काही कारण नाही. तुमचा कायदा आता पुरे झाला." मग ती माझ्याकडे बघत राहिली. मी फक्त नाही म्हणावं एवढंच तिला पाहिजे होतं.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. बाप म्हणून तेवढं एकच काम शिल्लक होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं अकरा पोरी होत्या, त्यांच्या नाड्यांचे ते साळसूद आकडे होते, आणि दुसरा कुठलाही उपाय उरलेला नव्हता. मी म्हणालो, "पहिल्या दोन फेऱ्या पुरतील. त्यात दिसेल त्यांना. मी शिट्टी वाजवली की थांबायचं."

उज्ज्वला तवा उतरवून बाहेर निघून गेली. नंतरचे चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रविवारी सकाळी सात वाजता सगळे आले. आजीआजोबासुद्धा आले. मी एकदाच सांगितलं, शिवन्यानं महिनाभर पुडी घेतलेली नाही, प्रेरणानं आज सकाळी घेतली आहे. दोन महिन्यांपूर्वी शिवन्या हिला तीन हजारात पाऊण फेरी मागं टाकत होती. आता डोळ्यांनी बघा.

पहिले दोनशे मीटर शिवन्या पुढं होती. तिची ढब तशीच, खांदे सैल, मान सरळ, आणि माझ्या मूर्ख काळजाला वाटलं की डॉक्टर चुकल्या असतील. दुसऱ्या वळणावर तिचे गुडघे खाली आले. प्रेरणानं वळून बघितलं, थोडी घुटमळली, मग पुढं निघाली. पहिली फेरी संपताना शिवन्याचं तोंड वासलेलं होतं आणि पाय फक्कीच्या रेषेवर ओढले जात होते. पालकांमधली कुजबुज बंद झाली. मी शिट्टी वाजवली.

ती थांबली नाही.

मी पुन्हा वाजवली. उज्ज्वला आडवी धावत ट्रॅकमध्ये शिरली, तर शिवन्यानं हातानंच तिला बाजूला हो म्हणून सांगितलं. तिला वाटत होतं, अजून पुरेसं दिसलेलं नाही. तिसरी फेरी ती पळाली असं म्हणता येणार नाही. ती पडत होती आणि पडायच्या आत पुढं पाय टाकत होती. प्रेरणा एक पूर्ण फेरी जास्त घेऊन मागून आली आणि तिच्या शेजारून पुढं गेली. कशीबशी ती चौथ्या फेरीत शिरली आणि शेडसमोर, सगळ्यांच्या पुढ्यात, गुडघ्यांवर आली. मग कुशीवर कलंडली. दोन्ही पायांत गोळे आले होते, मांड्या कातडीखाली नुसत्या थडथडत होत्या. मी तिची नाडी धरली. मोजता आली नाही.

उज्ज्वलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. एकदोघी रडत होत्या. मी उठून पालकांकडे गेलो. मनात एकच होतं, आता झालं. आता हे सोडतील.

तानाजीरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "सर, चुकलं आमचं. तुमच्यावर संशय घेतला. पोरीचे लईच हाल झाले."

"बघितलंत ना?"

"बघितलं. पुडी बंद केली की हे असं हुतंय."

"होय."

"मग बंद कशाला करायची?" ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. ते अगदी कळवळून बोलत होते. मागची बाई डोळे पुसत म्हणाली, "माज्या पोरीला असं न्हाय बघवायचं, बाई. एक दिवस चुकवायची न्हाय पुडी. माल संपायच्या आत मागवून ठिवायचा." दुसरा एक जण म्हणाला, "सरांच्यातच खंड पडला म्हणून झालं सगळं."

मी बोलत सुटलो. पाच महिने आणि चौदा महिने यांतला फरक सांगितला, घट्ट्यांचं सांगितलं, आत्ता थांबलात तर पोरी वाचतात हे सांगितलं. हात जोडले. माणसं मान हलवत होती. तानाजीराव म्हणाले, "कागदावरचं तुमचं खरं असंल, सर. पण तुमीच म्हणाला, डोळ्यांनी बघा. बघितलं आमी." आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, मला दुखू नये अशा बेतानं, "तुमी आता शिवन्याकडं बघा. फक्त कंपनीचा नंबर तेवढा द्या, तुमाला पुन्यांदा त्रास नको."

मी परत शिवन्यापाशी आलो. तिचा श्वास जरा खाली बसला होता. ओठ निळसर होते. प्रेरणा तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन शेडमधून पळत आली. पाच फेऱ्या भरधाव पळालेली पोर, आणि तिला धापसुद्धा लागलेली नव्हती.

शिवन्यानं डोळे उघडले. "पप्पा, पटलं का त्यांना?"

उज्ज्वलानं माझ्याकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. चार दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघत होती.

"पटलं," मी म्हणालो.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग चालतंय," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.